घ्या ना जी! : प्रेम स्वीकारू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (आदिलाबाद आवृत्ती)

ही पुस्तिका कोणासाठी

आदिलाबादला बदली झालेले बँक अधिकारी, कापूस खरेदी केंद्रावर आलेले ग्रेडर, बेला किंवा जैनथकडे सासर मिळालेल्या मुली, मुंबईहून पहिल्यांदाच मावशीकडे आलेले भाचे आणि ‘नको, आत्ताच खाऊन आलोय’ हे वाक्य झोपेतही बिनचूक म्हणू शकणारे सर्व मराठी स्त्री-पुरुष.

पूर्वअट एकच. कुणी आपुलकीने काही पुढे केले की आपला हात आपोआप मागे जातो, हे उमेदवाराला मान्य असावे. ज्यांचा हात आपोआप पुढे येतो त्यांना येथे प्रवेश नाही. त्यांच्यासाठी पुढे एक प्रकरण आहे, पण ते फारसे गमतीचे नाही.

प्रशिक्षणाला आदिलाबादच का, असे विचारले जाते. नंदिग्राम एक्स्प्रेसने किनवट मागे टाकून किंवा नागपूरच्या हमरस्त्याने पैनगंगा ओलांडून इथे आलात, की कागदोपत्री तुम्ही तेलंगणात असता आणि कानाने अर्धे वऱ्हाडात. बाजारात तेलुगू, मराठी, दखनी उर्दू, गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली एकाच तराजूभोवती चालतात. मराठीत दिलेल्या नकारावर तेलुगूत आग्रह होतो, तेलुगूतल्या नकारावर उर्दूत. इतक्या भाषांतून एकाच वेळी सुटून जाणे माणसाला शक्य नसते. शिवाय 2016 साली जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमराम भीम आसिफाबाद असे चार भाग झाले, तरी आग्रहाची हद्द अजून जुन्याच नकाशावर आहे. म्हणून पुस्तिकेतली काही ठिकाणे आज शेजारच्या जिल्ह्यात मोडतात. परीक्षकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

साहित्य

एक सैल कपडा. एक मोकळी दुपार. ‘पाच मिनिटं येऊन जातो’ म्हणून निघणाऱ्यांनी आल्या पावली परतावे. एक कापडी पिशवी. पिशवी सोबत नेणे हावरटपणाचे वाटेल, पण न नेल्यास घरवाले आपली पिशवी देतात आणि ती परत करायला पुन्हा यावे लागते. काही मुरलेले विद्यार्थी याच कारणासाठी पिशवी मुद्दाम विसरतात.

धडा पहिला : शेकोटी

कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या मार्केट यार्डाबाहेर गाड्यांची रांग लागते. कधी काटा होईपर्यंत रात्र तिथेच काढावी लागते, आणि डिसेंबर-जानेवारीत हा जिल्हा तेलंगणातल्या सगळ्यांत गारठलेल्या भागांपैकी एक असतो. रांगेत कुणीतरी काटक्या पेटवतो. तुम्ही लांब उभे राहून मोबाइलमध्ये बघत असता. शेकोटीपाशी बसलेला एक अनोळखी माणूस थोडा सरकतो आणि म्हणतो, “या जी, बसा.”

इथे नवशिका हमखास म्हणतो, “असू द्या, मी इथंच बरा आहे.” हे खोटे आहे; त्याचे दात वाजत असतात. योग्य कृती अशी : जावे आणि बसावे.

बसल्यावर लगेच ‘थँक यू’ म्हणू नये. तसे म्हटले की समोरच्याला वाटते, याने पावती फाडली, आता हा उठणार. त्याऐवजी काटकी आत सारावी, कापसाला यंदा काय भाव लागला ते विचारावे आणि उत्तर ऐकून त्याच्याइतकेच चिडावे. चहा आला तर घ्यावा. ‘साखर कमी’ म्हणायला हरकत नाही, त्याने काही फरक पडत नाही.

धडा दुसरा : ताट

ताटावर आडवा हात धरणे ही मराठी माणसाची पिढीजात बचावपद्धती. सीमेपलीकडे ती बऱ्यापैकी चालते. इथे वाढणारी काकू बोटांच्या फटींचा अंदाज घेते. वरण गरम असते, तेव्हा हात काढणे प्रकृतीला हितकारक.

ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा, वरण आणि पाहुणा आला म्हणून घाईने केलेले काहीतरी गोड, असा साधारण बेत असतो. ‘कशाला एवढं केलं?’ हा प्रश्न वर्ज्य. तो नम्र वाटतो, पण त्याचा रोख असा असतो की माझ्यासाठी एवढे करण्यासारखे माझ्यात काही नाही, आणि हे तुम्हाला कळले कसे नाही? घरातल्या बाईच्या अकलेवर शंका घेण्याचा हा एक सभ्य प्रकार आहे. ‘भाकर मस्त झाली’ एवढे म्हणावे आणि खावे. ‘काहून लाजता जी?’ असे विचारले गेले, तर धड्यात आपण मागे पडलो आहोत असे समजावे.

धडा तिसरा : वानोळा

निघताना पायरीपाशी पिशवी भरली जाते. तूर निघाली असेल तर तुरीची डाळ, हरभरा असेल तर सोले, नाहीतर वांगी, नाहीतर उटनूरकडून आलेले मोहाचे लाडू. सोबत एक ठरलेले वाक्य येते : “शेतातलंच आहे जी, इकत थोडीच आणलं?” डाळ आणि लाडू एकाच शेतात कसे पिकले, असे विचारू नये.

या धड्यात सर्वाधिक विद्यार्थी नापास होतात, आणि तेही हुशार. पिशवी घेताना त्यांचे डोळे किंचित वर जातात, म्हणजे मनात भाव लागतोय. तूरडाळ दोन किलो, आजचा दर अमुक. गाडी सुटायच्या आत त्यांचे ठरलेले असते की पुढच्या आठवड्यात हैदराबादहून मिठाईचा खोका पाठवायचा, डाळीपेक्षा थोडा भारीच. खोका जातो. विद्यार्थ्याला हलके वाटते. बेल्याच्या त्या घरात मात्र खोका बराच वेळ टेबलावर न उघडता पडून राहतो, कारण त्यांना कळलेले असते की आपली डाळ परत आली.

आपल्याकडे आहेराची वही असते. लग्नात कोणी किती दिले ते तिच्यात लिहितात, म्हणजे त्यांच्या घरच्या कार्यात तेवढे अधिक थोडे परत करता येते. वहीत वाईट काही नाही. गरीब घरांची कित्येक लग्ने तिच्यावरच उभी राहिली. पण वही लग्नापुरती ठेवावी. डाळ, भाजी, तापात मिळालेला काढा, मुलीच्या परीक्षेच्या वेळी शेजाऱ्याने दिलेली मोकळी खोली, हे सगळे ज्यांच्या डोक्यातल्या वहीत चढते, त्यांना माणसे मोठी स्वाभिमानी म्हणतात. मला ते घाबरट वाटतात. कुणाचे काही लागत नाही, म्हणजे कुणी हक्काने दार वाजवणार नाही, एवढीच त्यांची तजवीज.

नियम : परतफेड करायचीच असेल तर निदान एक हंगाम जाऊ द्यावा. तुरीची परतफेड पोळ्याच्या आधी करू नये. रिकामा डबा परत करू नये हे खरे, पण तो दुसऱ्याच दिवशी भरून परत करणे त्याहून वाईट. डबा थोडे दिवस घरात राहू द्यावा. “माझा डबा आहे ना जी तुमच्याकडं?” असे विचारत कुणीतरी येईल, आणि ते डब्यासाठी आलेले नसेल.

ज्यांचा हात आपोआप पुढे येतो

हे वर कबूल केलेले प्रकरण.

प्रेम घेण्याची कला या जिल्ह्यात काही लोकांना जन्मजात येत असे. निजामाच्या काळात जंगलखात्याचा शिपाई, गिरदावर किंवा पटवारी गोंड गुड्यात आला की त्याच्यासाठी खाट टाकली जाई, कोंबडी कापली जाई, तूप निघे. तो कधी ‘नको’ म्हणाला नाही. समोर हात जोडून उभ्या असलेल्या माणसांकडे बघून तो आपल्याला किती मान आहे असेच समजला असेल. त्याच वेळी राखीव जंगलाच्या रेषा गावांच्या शेतांवरून ओढल्या जात होत्या, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली रानं एका सहीने सरकारी होत होती, आणि शेत वाचवायचे तर वरून लाचही द्यावी लागत होती. 1940 च्या ऑक्टोबरात जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचे पुढारी कुमराम भीम आणि त्यांचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले, त्याच्या मुळाशी ही जमीन होती, आणि अशा कोंबड्याही.

म्हणून ज्यांच्याकडे शिक्का, सही, कर्जमंजुरी, मार्क किंवा वजनकाटा आहे, त्यांनी एक चाचणी आधी करून पाहावी. आपण ‘नको’ म्हटले तर समोरच्याचे काय होईल? तो रुसणार असेल तर खुशाल घ्यावे. तो मनातून सुटणार असेल तर कोंबडी खाली ठेवावी. चेहऱ्यावरून कळत नसेल, तर बदली होईपर्यंत थांबावे आणि मग यावे. बदलीनंतरही जेवायला बोलावतात त्यांच्याकडे नक्की जावे.

जोडेघाटनंतर निजाम सरकारला जाणून घ्यावेसे वाटले की ही माणसे का चिडली. त्या कामी पुढे आला एक ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ, ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमनडॉर्फ. त्याची गोष्ट या अभ्यासक्रमात सक्तीची आहे. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यामुळे त्याच्या हाती जर्मन पारपत्र आले होते, आणि 1939 मध्ये युद्ध पेटले तेव्हा तो भारतात होता. इंग्रजांच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा नागरिक. हैदराबाद संस्थानातल्या ओळखींमुळे तुरुंगाऐवजी त्याला संस्थानाच्या हद्दीतच राहण्याची सवलत मिळाली. म्हणजे प्रेम स्वीकारण्याच्या दृष्टीने आदर्श परिस्थिती : निघून जाण्याची सोयच नाही.

तो आणि त्याची पत्नी बेटी हे मार्लवाई या गोंड गावात झोपडीत राहिले. 1943 मध्ये तिथे गोंड शिक्षक घडवणारे केंद्र सुरू झाले. गोंडीतली वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण या भागात मराठी अक्षरे ओळखीची होती. पुढे तो निजाम सरकारचा आदिवासींविषयीचा सल्लागार झाला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत जिल्ह्यात दीड लाखाहून अधिक एकर जमिनीचे पट्टे आदिवासींच्या नावे झाले. परतफेड म्हणावी तर ही मिठाईच्या खोक्यापेक्षा बरीच मोठी.

इथे गहिवरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना सूचना : हैमनडॉर्फ सरकारचाच माणूस होता, आणि सरकारला दुसरे जोडेघाट नको होते. संशोधकाला विषय हवा होता, दरबाराला शांतता. हे सगळे गावकऱ्यांनाही दिसत असणार. जंगलात राहणाऱ्याला माणूस कळत नाही, हा शहरी समज आहे. तरी त्यांनी त्याला आपला म्हटले. आणि त्याने ते होऊ दिले, ही त्याची खरी लायकी. युद्ध संपले, लंडनला प्राध्यापकी मिळाली, ‘आदिलाबादचे राजगोंड’ या विषयावरचा ग्रंथ 1948 मध्ये निघाला. हिशेब तिथे चोख बंद करता आला असता. तो येत राहिला. 1987 च्या जानेवारीत बेटी हैदराबादला वारली, तेव्हा तिला मार्लवाईत आणून गोंडांच्या रीतीने पुरले. तो 1995 मध्ये लंडनला गेला; पुढे मुलाने त्याची रक्षा आणून तिच्या शेजारी ठेवली. दर जानेवारीला तिथे गाव जमते. मरणानंतरही यजमानांना आपली खातिरदारी करू देणे हे पदव्युत्तर काम आहे, नवशिक्यांनी लगेच त्याच्या मागे लागू नये.

त्याच काळात निलंग्याचा एक मराठी अधिकारीही या भागात होता, सेतुमाधवराव पगडी. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांनी इथे गोंडी शिकून घेतली, तिचे व्याकरण लिहिले. साहेबाने रयतेची भाषा शिकणे म्हणजे उपकार करणे, असे आपल्याला वाटते. खरे तर उलट असते. भाषा शिकणारा साहेब रोज चुकतो, आणि पोरेसोरे त्याला हसून सुधारतात. देण्याची जागा त्या क्षणी पोरांकडे जाते. ज्या अधिकाऱ्यांना कोंबडी सहज घेता येते, त्यांना एवढे घेणे फार जड जाते.

सामूहिक सराव

एकट्याने संकोच सुटत नसेल तर दिवाळीत दंडार बघावी. गोंड गावातले पुरुष मोरपिसांचे मोठाले टोप घालून घुसाडी होतात, ढोल-पिपऱ्या घेतात आणि वाजतगाजत दुसऱ्या गावाला जातात. एखादा पाहुणा नव्हे, गावाच्या गावाचा पाहुणचार. यजमान गाव त्यांना सामोरे जाते, जेवू घालते, रात्रभर नाचते, सकाळी निरोप देते. सोयरिकीही जुळतात. मग कधीतरी ते गाव या गावाला येते. कोण कोणाचे किती देणे लागतो याचा नीट हिशेब लावायचा म्हटला तर चार्टर्ड अकाउंटंट नेमावा लागेल, आणि तोही दुसऱ्या रात्री नाचायला लागेल. याच मार्लवाईचे कनक राजू आयुष्यभर घुसाडी नाच शिकवत राहिले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 2024 मध्ये ते गेले. नाच शिकण्याचा विचार असेल तर आता त्यांच्या शिष्यांना गाठावे.

सासरी आलेल्या मुलींसाठी केसलापूरची नागोबा जत्रा आहे, पुष्य अमावास्येची. मेसराम कुळातल्या नव्या सुना तिथे पांढऱ्या साड्या नेसून नागोबापुढे आणि कुळातल्या वडीलधाऱ्यांपुढे येतात, त्याला ‘भेटिंग’ म्हणतात. त्यानंतरच त्या कुळाच्या पूजेत बसतात. आपल्याकडच्या ‘हे घर आपलंच समज’ या वाक्याने जे दहा वर्षांत होत नाही, ते तिथे एका रात्रीत निदान जाहीर तरी होते.

प्रगत अभ्यासक्रम : दोन सरकारांचे प्रेम

केरामेरी मंडल आणि चंद्रपूरचा जिवती तालुका यांच्या मध्ये डोंगरावर चौदा गावे आहेत. परंदोळी, मुकदमगुडा, अंतापूर वगैरे. ती आमची, असे महाराष्ट्र म्हणतो. ती आमची, असे तेलंगणही म्हणते. बहुतेक लोक मराठी बोलणारे. दोन रेशनकार्डे, दोन मतदारयाद्या, एक मराठी शाळा, एक तेलुगू शाळा. निवडणूक जवळ आली की दोन्हीकडचे पुढारी येतात आणि दोन्हीकडचे ‘आपली माणसं’ म्हणतात.

बाहेरच्या माणसाला वाटते, काय नशीब! जरा थांबा. शेताचा पक्का कागद मागितला की अनेकांच्या वाट्याला वर्षानुवर्षे हेलपाटेच येतात, कारण जिथे दोघेजण हक्क सांगतात तिथे जबाबदारी तिसऱ्याची असते. इथल्या लोकांनी यातून स्वतःची पद्धत काढली आहे. जे मिळते ते दोन्हीकडून घ्यायचे, कुणाला ‘नको’ म्हणायचे नाही, आणि कुणाच्या आणाभाकांवर घर बांधायचे नाही. काही जण याला लबाडी म्हणतात. त्यांनी एक पावसाळा तिथल्या रस्त्याने ये-जा करून मग बोलावे. माझ्या मते प्रेम स्वीकारण्यातले सर्वांत अवघड कौशल्य या चौदा गावांनी मिळवले आहे : देणाऱ्याचे बोलणे आणि देणे यांतले अंतर ओळखूनही ताट पुढे करणे.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*माझ्यात असे काय आहे की लोकांनी माझ्यावर माया करावी?*
हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. शेकोटीपाशी सरकणाऱ्याने तुमचा बायोडाटा मागितला नव्हता.

*मी स्वतः दुसऱ्यांसाठी खूप करतो. मग मला शिकण्यासारखे काय?*
तुम्हीच सर्वांत कच्चे विद्यार्थी. जो सतत वाढतो त्याला कुणी वाढू शकत नाही. एकदा पंगतीत बसून दाखवा आणि पदार्थ संपेपर्यंत उठू नका, मीठ आणायलाही नाही.

*आग्रहाचा खरोखरच त्रास होत असेल तर?*
तसे स्पष्ट सांगावे. मधुमेह, उपवास, पथ्य ही कारणे इथे आदराने ऐकली जातात आणि त्यानुसार दुसरा पदार्थ केला जातो.

*घरचेच प्रेम घेणे जास्त अवघड जाते, त्याचे काय?*
जाते खरे. परक्याला आपले जुने काही माहीत नसते, बहिणीला सगळे माहीत असते. म्हणूनच सराव परक्यांकडे सुरू केला आहे. बहिणीने दिलेले पैसे ‘पुढच्या महिन्यात देतो’ असे न म्हणता खिशात घालता आले की कळवावे.

*पोट खरंच भरलेलं असेल तर किती भाकर म्हणावी?*
चतकोर म्हणाल तर अर्धी येते. अर्धी म्हणाल तर एक. अजिबात नको म्हणाल तर दोन, आणि वर शेजारच्या घरून भाजी मागवली जाते. चतकोर म्हणा.